पावसाळ्यात रंगवलेले चंदेरी मिग-२१ : एका प्रतिकृतीच्या रंगकामाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

डोंबिवलीत राहणाऱ्या एका हौशी मॉडेलरने एप्रिल २०२५ मध्ये मिग-२१ एफएल या लढाऊ विमानाची १:४८ प्रमाणातील प्लास्टिकची प्रतिकृती बांधायला घेतली. त्याच्या हाताखालून आधी वीस-बावीस विमाने गेली होती, पण ती सगळी हिरव्या, तपकिरी किंवा करड्या छलावरणाची, म्हणजे शत्रूच्या नजरेपासून लपवणाऱ्या रंगांची होती. उघड्या धातूच्या अंगाचे विमान तो प्रथमच करत होता. प्रतिकृती त्याच्या काकांसाठी होती. काका १९७१ साली नाशिकजवळच्या ओझर येथील हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागले आणि त्यांनी तिथेच निवृत्तीपर्यंत नोकरी केली. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना ७५ वर्षे पूर्ण होत होती आणि त्या दिवशी विमान त्यांच्या हातात ठेवायचे, तोवर कोणाला काही सांगायचे नाही, असे पुतण्याने ठरवले होते. मी त्याच्याच मॉडेलर मित्रांपैकी एक आहे. या कामात वेळोवेळी माझा सल्ला घेतला गेला आणि त्यांतला एक सल्ला चुकीचा ठरला, म्हणून ही हकिकत सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

विमानाची निवड सहज झाली होती. मिग-२१ भारतीय हवाई दलात १९६३ मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी त्याच्या देशी उत्पादनासाठी नाशिकचा कारखाना उभा राहिला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची विभागणी होती. तिथे प्रथम बनलेला प्रकार म्हणजे एफएल, ज्याला हवाई दलात ‘टाइप ७७’ म्हणत. काका कामाला लागले तेव्हा त्यांच्यासमोर हीच विमाने उभी होती. नाकाचा शंकू आणि शेपटीच्या उभ्या पंखाचे टोक एवढे हिरवे, बाकी सारे अंग चंदेरी, असे त्यांचे रूप होते. १९७१ चे युद्ध जवळ आले तेव्हा हवाई तळांवरच, उपलब्ध असतील ते रंग वापरून, यांतील बऱ्याच विमानांवर घाईने छलावरण चढवले गेले आणि त्यामुळे एका तुकडीचे पट्टे दुसऱ्या तुकडीच्या पट्ट्यांशी जुळत नाहीत. प्रतिकृतीच्या खोक्यात या दोन्ही रूपांची डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवण्याची चित्रे, दिलेली होती. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला.

छलावरणाचा रंग बऱ्याच चुका पोटात घेतो, पण धातूचा रंग एकही चूक लपवत नाही. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, म्हणजे प्रतिकृतीत साधारण १५ सेंटिमीटर. या प्रमाणात पॉलिश पेपरचा ०.०२ मिलिमीटर खोलीचा ओरखडा मूळ विमानावरच्या जवळजवळ एक मिलिमीटरच्या चरीइतका दिसतो, आणि चंदेरी रंगाचे बारीक कण त्या चरीच्या दोन्ही कडांवर वेगवेगळा उजेड परतवत असल्यामुळे तो करड्या रंगात दिसला नसता इतका ठळक होतो. म्हणून मॉडेलरने एप्रिल आणि अर्धा मे महिना केवळ जोड भरण्यात आणि घासण्यात घालवला. पाठीच्या कण्यावरचा लांब जोड त्याने गाड्यांच्या रंगकामाच्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुटीने भरला, ४०० नंबरच्या पेपरपासून २००० पर्यंत पाण्यात घासला आणि शेवटी कापडावर टूथपेस्ट घेऊन चोळला. हे काम त्याने फार मन लावून केले होते. पुढे जे बिघडले त्याचे खापर घासण्यावर फोडता येणार नाही.

अडचण

नियोजन असे होते की १० जूनपूर्वी धातूचा रंग पूर्ण करायचा आणि डेकल व बारकावे पावसाळ्यात निवांत करायचे. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला येतो, त्यावर हा हिशेब बेतलेला होता. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला. त्या दिवशी प्रतिकृतीवर फक्त करडा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर होता.

मधली पायरी माझ्या सल्ल्यातून आली होती. चकचकीत धातूसाठी खाली चकचकीत काळा थर लागतो, हे मॉडेलर मंडळींत सर्वत्र सांगितले जाते आणि मीही तेच सांगितले. धातूरंगाचा थर अतिशय पातळ असतो, त्यामुळे खालच्या पृष्ठभागाची चकाकी वर उमटते आणि काळा रंग त्या चकाकीला खोली देतो, हे तत्त्व खरे आहे. मॉडेलिंगचे परदेशी लॅकर ज्वालाग्राही असल्यामुळे विमानाच्या टपालाने सहज येत नाहीत. त्यामुळे त्याने हार्डवेअरच्या दुकानातून गाड्यांचा काळा एनसी रंग आणि त्याच दुकानातला एनसी थिनर आणला. तो थिनर झपाट्याने उडणारा असतो. कोरड्या हवेत हा त्याचा गुण असतो, दमट हवेत तोच घातक ठरतो, कारण थिनर उडताना पृष्ठभागाची उष्णता ओढून घेतो, पृष्ठभाग दवबिंदूच्या खाली थंड होतो आणि हवेतली वाफ रंगाच्या ओल्या थरावर पाणी होऊन बसते. थर वाळतो तेव्हा त्यात दुधाळ धुके अडकलेले असते.

२९ मे रोजी बंद केलेल्या गॅलरीत, बाहेर पाऊस कोसळत असताना, त्याने काळा थर मारला. संध्याकाळी डावा पंख आणि पाठ पांढुरकी दिसू लागली. एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारे साधन, लांब धरल्यामुळे रंग कोरडा पडला असावा, असा त्याचा समज झाला. त्यामुळे १ जूनला त्याने त्यावरच आणखी एक, या वेळी अधिक ओला थर दिला. दिवसभर काळा रंग चकाकला, पण खालचे धुके जागेवरच राहिले आणि दोन थरांच्या मध्ये बंदिस्त झाले. ७ जूनला ॲल्युमिनियमचा रंग चढला तेव्हा उजवा पंख आरशासारखा लखलखत होता, डावा पंख राखेसारखा करडा होता आणि पाठीवर दोन्हींचे चट्टे होते. दुसऱ्या दिवशी शेपटीकडच्या काही पॅनेलांना (पत्र्याच्या तुकड्यांना) गडद छटा देण्यासाठी बाकी अंगावर लावलेली मास्किंग टेप काढताना नाकाजवळचा नखाएवढा तुकडा टेपेबरोबर थेट प्लास्टिकपर्यंत सोलून निघाला. त्या जागी घासल्यानंतर साबणाच्या पाण्याने धुणे राहून गेले होते आणि टूथपेस्टचा अंश प्रायमरखाली शिल्लक होता.

इथे पहिला निर्णयाचा क्षण हुकला, तो ३० मेच्या सकाळी. पांढुरका झालेला थर दिसल्यावर कारण न शोधता त्यावर दुसरा थर देणे, ही या प्रकरणातील सर्वांत महाग पडलेली कृती होती. त्या सकाळी हळू उडणाऱ्या थिनरचा हलका फवारा दिला असता तर रंग पुन्हा मऊ होऊन अडकलेले पाणी सुटण्याची बरीच शक्यता होती. घरात आर्द्रता मोजण्याचे यंत्र नव्हते. ते त्याने नंतर आणले आणि त्याच गॅलरीत त्याचा काटा ८८ टक्क्यांवर स्थिरावला.

समोरचे पर्याय

१४ जूनला आम्ही दोघे ते विमान टेबलावर ठेवून बसलो. हातात आठ आठवडे होते.

सर्वांत सोपा पर्याय म्हणजे आहे तसे पुढे जाणे आणि डाव्या बाजूचा करडेपणा तेलाचे ओघळ, धूर आणि मळ यांखाली झाकणे. मूळ विमानेही मळत असत हे खरे असले, तरी कारखान्यातून बाहेर पडणारे नवे विमान दाखवायचे आणि त्यावर मळ चढवायचा यात विसंगती होती. शिवाय मळ अर्ध्याच अंगावर का, याचे उत्तर नव्हते.

दुसरा पर्याय फक्त डावा पंख आणि पाठ दुरुस्त करण्याचा होता. रंगाचे तीन थर एकमेकांत मुरलेले असल्यामुळे दुरुस्तीची कड कुठेतरी दिसणारच होती. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल चिकटवून पॅनेल झाकण्याच्या जुन्या पद्धतीचाही आम्ही विचार केला. मिगचे धड बरेचसे नळकांड्यासारखे असल्यामुळे ती तिथे चांगली बसते. मात्र पंखाच्या मुळाशी असलेल्या वळणांवर तिला सुरकुत्या पडतात आणि दोघांपैकी कोणालाही तिचा सराव नव्हता. नवे खोके मागवण्याचा पर्याय खर्चामुळे आणि सीमाशुल्काच्या अनिश्चित दिरंगाईमुळे लगेच बाजूला पडला. सगळा रंग उतरवून पुन्हा सुरुवात करणे हा कष्टाचा आणि धोक्याचा मार्ग होता, कारण रंग उतरवणारे द्रव्य पुटीलाही मऊ करते.

आणि एक पर्याय असा होता की ज्याने आम्हा दोघांनाही मोहात पाडले. खोक्यात १९७१ च्या छलावरणाची डेकल होती. बिघडलेल्या चंदेरी अंगावर हिरव्या रंगाचे पट्टे मारले की धुके झाकले जाईल, खाली कुठेकुठे धातू डोकावेल आणि इतिहासाच्या दृष्टीनेही ते खोटे ठरणार नाही, कारण त्या वर्षी खऱ्या विमानांच्या बाबतीत हेच घडले होते. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेट डागणारी विमाने हीच मिग-२१ होती, १२ डिसेंबरला जामनगरजवळ पाकिस्तानचे एफ-१०४ लढाऊ विमान पाडणारे विमानही हेच होते. युद्धातले विमान म्हणून काकांना ते अधिक अभिमानाचे वाटेल, असा युक्तिवाद मी केला. पुतण्या जवळजवळ तयार झाला होता.

त्याने विचारलेला एकच प्रश्न मला निर्णायक वाटतो. तो म्हणाला, “काकांनी हे विमान या रंगात कधी पाहिलं असेल का?” मला उत्तर देता आले नाही. छलावरण तळांवर चढले होते आणि काका ओझरला होते. आपली चूक झाकली जाते म्हणून आपण विमानाच्या आयुष्यातला दुसराच क्षण निवडत आहोत, हे त्या प्रश्नाने उघड झाले.

निर्णय आणि कृती

गुपित मोडायचे ठरले. २८ जूनला पुतण्या बिघडलेली प्रतिकृती तशीच मऊ कापडात गुंडाळून नाशिकला घेऊन गेला. हा निर्णय घेणे त्याला सर्वांत जड गेले होते, आणि माझ्या मते पूर्ण प्रकरणातला तो सर्वांत चांगला निर्णय होता.

काकांनी चष्मा बदलून विमान हातात घेतले. करड्या डाव्या पंखाकडे त्यांनी फारसे लक्ष दिले नाही. आम्हाला ज्याचे कौतुक होते त्या लखलखत्या उजव्या पंखावर बोट ठेवून ते म्हणाले, “अरे, एवढं चकाकत नव्हतं. हा तर भांड्याच्या दुकानातला डबा वाटतो. पत्रा नवा असला तरी त्याला एक मंदपणा असायचा, आणि जवळून पाहिलं की प्रत्येक पत्र्याचा रंग निराळा.” मग त्यांनी पंखांच्या मागे धडाभोवती फिरणारी सांध्याची रेघ दाखवली. मिग-२१ चे इंजिन काढायचे असेल तर त्या सांध्यापासून शेपटीकडचा संपूर्ण भाग मागे ओढून वेगळा करावा लागतो. त्यांच्या आठवणीप्रमाणे पुढचे धड आणि मागचे धड उजेडात कधीही अगदी एकसारखे दिसत नसे. “ही रेघ बाकीच्या रेघांसारखी नाही,” ते म्हणाले, “ही उघडते.” छलावरणाविषयी पुतण्याने विचारले, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले की आमच्या हातून गेले तेव्हा ते चांदीचे होते.

या एका तासाने कामाचे उद्दिष्टच बदलले. आम्ही आरशासारख्या चकाकीच्या मागे लागलो होतो, म्हणून काळा थर आला, म्हणून घाईचा थिनर आला आणि म्हणून धुके आले. हवी होती ती मंद, पत्र्यासारखी झाक, आणि तिला काळ्या थराची गरजच नव्हती. बारीक घासलेला करडा प्रायमर पुरेसा होता. १:४८ प्रमाणात एक मीटर अंतरावरून पाहणे म्हणजे खरे विमान ४८ मीटरवरून पाहणे, आणि तेवढ्या अंतरावर पत्र्याची चकाकी हवेनेही थोडी मऊ होते. मला हे पुस्तकी स्वरूपात माहीत होते, तरीही काळ्या थराचा सल्ला देताना ते माझ्या मनात आले नाही.

थर किती चढतात, हाही प्रश्न होता. ०.०५ मिलिमीटर जाडीचा रंग मूळ प्रमाणात २.४ मिलिमीटरचा लेप ठरतो. प्रायमर, दोनदा काळा आणि वर धातूरंग एवढ्याने कोरलेल्या रेघा आधीच उथळ झाल्या होत्या. त्यामुळे सगळा रंग उतरवण्याचा पर्याय निवडला गेला. आधी विमानाच्या पोटाखालच्या इंधनाच्या टाकीवर प्रयोग केला. औषधांच्या दुकानातून आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने अर्ध्या तासात रंग विरघळला नाही, पण मऊ होऊन सालीसारखा सुटू लागला, आणि प्लास्टिकला इजा झाली नाही. जुलैचे पहिले दोन आठवडे जुन्या टूथब्रशने रंग सोडवण्यात गेले. अपेक्षेप्रमाणे पाठीवरची पुटीही मऊ पडली आणि दीड महिन्यापूर्वी नाहीसा केलेला जोड पुन्हा डोळ्यांसमोर आला. या वेळी तो झटपट चिकटणाऱ्या सायनोॲक्रिलेट गोंदाने भरला आणि गोंद फार कडक होण्याआधी, त्याच दिवशी घासून काढला. हा गोंद पुटीसारखा नंतर आकसत नाही आणि प्लास्टिकइतकाच गुळगुळीत घासला जातो. धातूच्या रंगाखाली पहिल्यापासून तोच वापरायला हवा होता. ब्रशच्या धक्क्याने नाकावरची लांब पिटो नळी (विमानाचा वेग मोजण्यासाठीची) मोडली. तिच्या जागी इंजेक्शनची सुई बसवली आणि ती मूळ प्लास्टिकच्या नळीपेक्षा कितीतरी रेखीव दिसते.

रंगकामाची जागा गॅलरीतून आतल्या खोलीत, एसी कोरड्या मोडवर लावून, खिडकीच्या फटीत एक्झॉस्ट पंखा बसवून आणली. पंखा चालू केला की बाहेरची ओली हवा आत ओढली जाते, म्हणून आधी तासभर खोली कोरडी करायची, मग पंखा लावून दहा मिनिटांत एक भाग रंगवायचा आणि थांबायचे, अशी पद्धत बसवली. कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी पकडणारा सापळा घातला. पहिल्या संध्याकाळी त्यात चमचाभर पाणी साचलेले पाहून आम्हाला मेमधल्या धुक्याचे आणखी एक कारण कळले. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर असेल तर एअरब्रश हातात घ्यायचा नाही, हा नियम त्याने भिंतीवर लिहून ठेवला. रंगवलेले भाग सुकवायला पत्र्याच्या जुन्या पेटीत ४० वॉटचा बल्ब आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या. आतले तापमान ४० अंशांच्या आसपास राहील अशा बेताने झाकणाला फट ठेवली, कारण याहून फार गरम झाले तर पंखांच्या पातळ कडा वाकण्याची भीती असते.

तोवर ऑगस्ट उजाडला होता. वाढदिवसाला काय करायचे, हा तिसरा निर्णय होता. डेकल न लावलेले विमान देता आले असते, किंवा रात्री जागून ते घाईने पूर्ण करता आले असते. गुपित आधीच मोडलेले असल्यामुळे पुतण्याने काकांना फोन करून वेळ मागितला. काकांनी तो आनंदाने दिला. आमच्यावरचे ओझे त्या क्षणी उतरले आणि कामाचा दर्जा तिथून वाढला, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

धातूरंग तीन छटांत चढवला गेला. आधी सर्वांगावर साधा ॲल्युमिनियम. मग सांध्याच्या मागच्या धडावर त्यातच थोडा गडद रंग मिसळून, इतका थोडा की शेजारी ठेवल्याशिवाय फरक कळू नये. शेवटी जेट नळीच्या तोंडाशी तापलेल्या पोलादाचा पिवळसर-करडा. मास्किंग टेप प्रत्येक वेळी आधी तळहातावर दोनदा चिकटवून तिची पकड कमी केली आणि ती काढताना वर न उचलता स्वतःवरच दुमडत मागे ओढली. या वेळी एकही तुकडा निघाला नाही. पॅनेलांच्या रेघांत काळ्याऐवजी मध्यम करडा तैलरंग पातळ करून सोडला आणि फक्त उघडणाऱ्या सांध्याची रेघ एक छटा गडद ठेवली. काकांच्या वाक्याचा हा थेट परिणाम होता.

डेकल लावण्यापूर्वी संपूर्ण विमानावर चकचकीत पारदर्शक थर देणे ही नेहमीची रीत आहे, कारण खरखरीत पृष्ठभागावर डेकलच्या पातळ पडद्याखाली हवा अडकते आणि तो रुपेरी चमकतो. मात्र तोच पारदर्शक थर धातूरंगाची धातूसारखी झाक मारतो आणि त्याला साध्या करड्या रंगासारखा दिसायला लावतो. टाकीवर दोन्ही प्रकार करून पाहिले. धातूरंग पुरेसा गुळगुळीत असल्याचे दिसले, म्हणून डेकल थेट धातूवर लावले आणि त्यांच्याभोवतीचा पारदर्शक पडदा आधीच सुरीने कापून टाकला. हवाई दलाच्या वर्तुळचिन्हाची बाहेरची केशरी कड चंदेरी पार्श्वभूमीवर फिकट, मळकी दिसत होती, कारण डेकलचा केशरी रंग अर्धपारदर्शक होता. छलावरणाच्या पर्यायासाठी दिलेली तेवढ्याच आकाराची चिन्हे शिल्लक होती, ती खाली अस्तरासारखी लावून त्यावर दुसरे चिन्ह बसवले. पंखांवर ती तंतोतंत जुळली. धडाच्या डाव्या बाजूचे वरचे चिन्ह मात्र वळणावर अर्धा मिलिमीटर सरकले आणि मऊ करणाऱ्या द्रव्यामुळे ते पकडण्याआधीच बसून गेले.

नाकाच्या शंकूच्या हिरव्या रंगासाठी देशात ठिकठिकाणी उभ्या केलेल्या जुन्या मिग विमानांची छायाचित्रे आम्ही गोळा केली होती. त्यांतली बरीच विमाने उभी केल्यानंतर पुनःपुन्हा रंगवलेली असतात आणि त्यांचे चंदेरी अंगही रंगाच्या जाड लेपाचे असते. त्यामुळे ती आकारासाठी उपयोगी असली तरी रंगाचा पुरावा म्हणून घेता येत नाहीत. हिरव्याच्या चार छटा प्लास्टिकच्या चमच्यांवर मारून काकांना पाठवल्या आणि त्यांनी दुसरी निवडली.

निष्पत्ती

विमान २० सप्टेंबरला पूर्ण झाले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला हवाई दलाने शेवटच्या मिग-२१ विमानांना निरोप दिला. एफएल प्रकार त्याआधीच, डिसेंबर २०१३ मध्ये कलाईकुंडा तळावरून निवृत्त झाला होता. तो समारंभ काकांनी दूरदर्शनसमोर बसून पाहिला आणि २८ सप्टेंबरला, ऐन नवरात्रात, पुतण्याने प्रतिकृती नाशिकला पोहोचवली.

काकांनी ती खिडकीशी नेऊन हळूहळू फिरवली. पुढच्या आणि मागच्या धडाच्या छटांमधला फरक त्यांनी न सांगता ओळखला. सरकलेले वर्तुळचिन्हही ओळखले आणि कारखान्यात हे पास झाले नसते, असे स्वच्छ सांगितले. पुतण्याने ते बदलून देण्याची तयारी दाखवली, पण काकांनी नकार दिला.

रंगकामाच्या कसोटीवर पाहता डावा आणि उजवा पंख आता एकसारखे आहेत, पाठीवरचा जोड तिरप्या उजेडातही दिसत नाही आणि कोरलेल्या रेघा पहिल्या फेरीपेक्षा स्पष्ट आहेत. उणिवा दोन उरल्या आहेत. एक ते चिन्ह. दुसरी म्हणजे डाव्या पंखाच्या मुळाशी रंग उतरवताना एका ठिकाणी रेघच बुजली आणि ती पुन्हा कोरताना किंचित वाकडी गेली.

वेगळे काय करता आले असते

धोका पावसाचाच होता, तर कामाचा क्रम उलटा लावता आला असता. मे महिन्यात हवा तुलनेने कोरडी असताना घासण्याचे लांब काम करण्याऐवजी ते पावसाळ्यात ठेवून रंगकाम दिवाळीनंतर घेणे हा कोकणपट्टीत राहणाऱ्या मॉडेलरसाठी खरा मार्ग आहे, मात्र त्यासाठी ऑगस्टची तारीख पहिल्या दिवशीच सोडून द्यावी लागली असती. ती सोडायची नसेल तर आर्द्रतामापक आणि पाण्याचा सापळा या वस्तू एअरब्रशइतक्याच आवश्यक मानायला हव्या होत्या. दोन्ही मिळून त्यांची किंमत वाया गेलेल्या रंग-थिनरपेक्षा कमी भरली.

चाचणीसाठी काही बाजूला ठेवायला हवे होते. पोटाखालची टाकी पहिल्या दिवसापासून प्रयोगाचे पात्र म्हणून वापरली असती आणि प्रत्येक थर आधी तिच्यावर चढवून रात्रभर ठेवला असता, तर २९ मेचे धुके त्या टाकीवरच थांबले असते.

माझ्या सल्ल्याविषयीही लिहिले पाहिजे. काळा थर द्यावा असे सांगताना, हे विमान नेमके कोणत्या दिवशीचे आणि कोणाच्या डोळ्यांनी पाहिलेले दाखवायचे आहे, हे मी विचारले नाही. काका जिवंत, बोलते आणि नाशिकला फोनच्या अंतरावर असताना आम्ही दोन महिने छायाचित्रांवर वाद घालत होतो. त्यांच्या पिढीतली ओझरची अनेक माणसे आज सत्तरी-पंच्याहत्तरीत आहेत. पत्र्याचा मंदपणा, उघडणारी रेघ, हिरव्याची नेमकी छटा हे त्यांच्या हातांना माहीत आहे आणि ते कोणत्याही खोक्यातल्या माहितीपत्रकात छापलेले नाही. भेट गुपित ठेवण्याची इच्छा समजण्यासारखी होती, तरी प्रतिकृती ज्याच्या आठवणीची आहे त्याला सुरुवातीलाच विचारले असते तर काळा थर, एनसी थिनर आणि रंग उतरवण्याचे दोन आठवडे, तिन्ही टळले असते.

शेवटचा बदल विमान दिल्यानंतर झाला. एफएल प्रकारात अंगभूत तोफ नव्हती, म्हणून हवाई दल त्याच्या पोटाखाली जीपी-९ हा तोफेचा वेगळा डबा बसवत असे. पुतण्याने तो काळजीपूर्वक रंगवून, चिकटवायचा की नाही हे काकांवर सोडून, सोबत नेला होता. काकांनी तो हातात घेतला, पाहिला आणि सांगितले की आमच्याकडून विमान जाताना पोटाखाली काही नसायचे. तो डबा आता कपाटात, विमानाच्या शेजारी, कापूस घातलेल्या काड्यापेटीत ठेवलेला आहे.